उपाशी तलाव

ब्याऐंशी साली धानावर फवारलेलं औषध पावसानं वाहून भय्याजींच्या तलावात उतरलं, आणि बायजाबाईच्या बौद्ध वस्तीच्या बोडीतही, म्हणजे लहान तळ्यातही. चार महिन्यांनी बोडीत मासे परतले. तलावाचं पाणी पिऊन मात्र भय्याजींची तिसरी गाय मेली.

पाणी तपासायला भंडाऱ्याहून आलेले साहेब भय्याजींना म्हणाले, "विष खाणारे जिवाणू दोन्हीकडे आहेत. पण त्यांनाही पोट आहे, ते नुसत्या विषावर भरत नाही. बोडीत म्हशींचं शेण पडतं. तुमच्या स्वच्छ तलावात ते उपाशी आहेत."

वस्तीतलं कोणी पाण्याला शिवू नये म्हणून पंचवीस वर्षं राखणदार ठेवणारे भय्याजी मोठ्या मनानं बायजाबाईच्या दारी गेले.

"उद्यापासून तुमच्या म्हशी आमच्या तलावात सोडा."

"अन् आमी? पानी भराले?"

"मी म्हशी म्हनलो, बाई."