पायातली ऊब

१९९४ साली रोह्यातल्या एका प्रयोगशाळेत सहा ससे होते. खंडित रक्तपुरवठा अभ्यासण्यासाठी तिथल्या संशोधक तामारने प्रत्येकाच्या डाव्या मांडीतली धमनी बांधली. अठ्ठाविसाव्या दिवशी सहाही पाय पुन्हा उबदार झाले होते. संध्याकाळी तापमापक घेऊन ती नदीवरचा पूल ओलांडून अष्टमी गावातल्या घरी आली. भाऊ इस्रायलला गेल्यापासून घरात बाबा आणि ती दोघंच राहत. बाबांचा डावा पाय रक्ताअभावी गार पडला होता. महिन्याभरात ऊब आली नाही तर कापावा लागेल, असं डॉक्टर महिन्यापूर्वी म्हणाले होते. “ससे काय म्हनतात गो?” बाबांनी विचारलं. “उड्या मारतायत.” “मग मी पन मारनार! महिनाभर विडी नाय वढली.” ससे सहा महिन्यांचे, ऐन तरुण होते, हे तिने सांगितलं नाही. बाबांनी दोन्ही पाय पुढे केले. तिने पाच मिनिटं थांबून आकडे वाचले. उजवा तेहेतीस अंश, डावा सव्वीस.