पाय चुकला

ही गेल्यापासून माझ्याकडे एकच काम उरलं आहे, दुपारी नातीला शाळेतून घरी आणायचं. चार दिवसांपूर्वी शाळेच्या फाटकापाशी आमची जुनी मिनीव्हॅन एकदम पुढे झेपावली आणि कुंपणावर जाऊन धडकली. नशीब, पोरं लांब होती.

"बाबा, तुमचा पाय चुकला," लेक म्हणाली.

"अगं, मी पाय उचलला होता. गाडी आपोआप पळाली."

"गाडी कशी आपोआप पळेल? या वयात होतं असं. चावी द्या इकडे."

दिली. भांडायला आता अंगात त्राण नाही. तीन दिवस नात शेजारणीबरोबर घरी आली.

आज मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि लेकीलाच जवळ बोलावलं.

"ताई, काकांना उगाच बोल लावलात. क्रूझ कंट्रोलची केबल गंजून अडकते आहे. पाय काढला तरी गाडी पळतच राहणार. आणि हे आजचं नाही, चांगलं दहा-बारा वर्षांचं दुखणं आहे. कधीतरीच अडकते, म्हणून कुणाला सापडलं नाही."

लेकीचे डोळे भरून आले. "चुकलं माझं, बाबा. तुमचं ऐकायला हवं होतं," असं म्हणत तिने चावी माझ्या हातावर ठेवली.



अकरा वर्षांपूर्वी तिच्या आईनेही मला हेच सांगितलं होतं, गाडी आपोआप पळाली म्हणून. "हिला ब्रेक कुठला तेच कळत नाही" म्हणून मी चारचौघांत हसलो, आणि त्यानंतर ती शेवटपर्यंत स्टिअरिंगला शिवली नाही.