रसाचे उंदीर सहाला

सहावा उंदीरही विजेचा झटका खाऊन निवांत मिशा साफ करत बसला. किशनराव सरांनी टेबलावर थाप मारून मदतीला असलेल्या विद्यार्थिनीकडे पाहिलं.

"बघितलंस, अर्शिया? सहापैकी सहा! एकालाही आकडी न्हाई."

प्रयोगशाळेतली ट्यूब मिणमिणत होती. रोज संध्याकाळी सहाला शेजारच्या इमारतीत क्लासची बॅच भरायची. पाचशे भावी डॉक्टरांची डोकी थंड ठेवायला तिथले कूलर सुरू झाले की अख्ख्या गल्लीची वीज मलूल व्हायची. लातूरकरांना त्याचाही अभिमान होता.

प्रयोग साधा. उंदराच्या कानांना चिमटे लावायचे आणि बटण दाबायचं. नुसतं पाणी पाजलेल्या उंदरांना आकडी यायची. औशाच्या किल्ल्यामागच्या पाल्याचा रस पाजलेल्यांना यायची नाही. यंत्र भूकंपाच्या मदतीत आलेलं. ब्लँकेटांबरोबर ते लातुरात कशाला आलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांची शिस्त मात्र कडक. पाण्याचे उंदीर सकाळी आठला, रसाचे संध्याकाळी सहाला. वेळ चुकली की सर तापायचे. 'आकडीवर लातूरचा उतारा' असे फ्लेक्स चौकात आधीच लागले होते.

"तुझ्या बहिणीला फिट येतात ना?" हात धुता धुता सर म्हणाले. "सोमवारपासून तिच्या गोळ्या बंद. रस चालू कर. पेपरात फोटो देऊ तिचा."

धाकटी उमैमा नऊ वर्षांची होती तेव्हापासून गोळ्या घेत होती. फिट थांबल्या होत्या, पण पोरगी शाळेत पेंगायची. बातमी ऐकून तिने गोळ्यांचा डबा कपाटावर भिरकावला. "आपा, सोमवार कब आता?"

तो डबा अर्शियाने हळूच खाली काढून ठेवला. बहिणीच्या पोटात जायचं आहे, आणखी एकदा बघावं, म्हणून रविवारी दुपारी ती एकटीच प्रयोगशाळेत आली. ट्यूब लख्ख जळत होती. तिने सहा उंदरांना रस पाजला, तासभर थांबली आणि बटण दाबलं. पहिला ताठ झाला, पाय झाडायला लागला. मग दुसरा. मग सहाही.

तिने सरांना फोन लावला. "सर, रस लागू पडत नाही. सहाच्या सहांना आकडी आली."

पलीकडे सर उसळले.

"अगं, रविवारी क्लासचे कूलर बंद असतेत! आज बटण दाबायला तुला सांगितलं कुणी?"