सहा नंबरची केबिन

निवृत्त मुख्याध्यापिका प्रभाताई सोलापुरातल्या आपल्या घरी शिडाच्या छोट्या जहाजाचा नकाशा पसरून बसल्या होत्या. समोर त्यांचे यजमान गंगाधरराव शेंगा सोलत होते. मधली, कमी डुलणारी सहा नंबरची केबिन ताईंनी पसंत केली आणि सफरीच्या कंपनीला फोन लावून आपलं नाव सांगितलं.

"मॅडम, सहा नंबरमध्ये तर तुम्हीच आहात की," पलीकडची मुलगी म्हणाली. "सोमवारपासून."

"मी माझ्या घरात बसलेय," ताई कडाडल्या. "माझ्या नावावर कुणाला घुसवलंत? जोडा त्या बाईला."

फोन जोडला गेला. मागे लाटांचा आवाज येत होता.

"माझीच केबिन मागायला लाज वाटत नाही?" तिकडून प्रभाताईंचाच आवाज संतापून म्हणाला. "आमच्या ह्यांना फोन द्या."

ताईंनी फोन गंगाधररावांच्या हातात कोंबला. "अहो, तुम्हीच खडसवा हिला."

त्यांनी शेंगा बाजूला सारून तिकडचं बोलणं ऐकून घेतलं.

"अगं, घाबरू नकोस," ते फोनमध्ये हळूच म्हणाले. "केबिनला आतून कडी लावून घे."

मग उठून त्यांनी ताईंकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही आमच्या घरात कशा शिरलात?"