सदूची पाटी

चिंचपोकळीला माझं पाट्या रंगवायचं दुकान. संयुक्त महाराष्ट्राच्या छप्पनच्या मोर्चात जाईबाईंचा मुलगा सदू पोलिसांची गोळी लागून पडला, हे चाळीतल्या चौघांनी पाहिलं. प्रेत मात्र मिळालं नाही. महिन्याने जाईबाई दारासाठी त्याच्या नावाची पाटी करायला आल्या.

मी रिवाजाप्रमाणे नावाआधी 'कै.' लिहिलं.

"पुसा ते!" त्या कडाडल्या. "सरकार त्याला मेला म्हणत नाही, तुम्ही कोण?"

मी पुसलं नाही. सकाळी कुलूप काढलं तर नाव शाबूत, 'कै.' तेवढं फिसकटलेलं.

मीही हट्टी. पुन्हा लिहिलं आणि समोर बसून राहिलो. भर दुपारी, डोळ्यांदेखत, रंग फिसकटला. त्यात अंगठ्याचा ठसा उमटला.

पाटी न्यायला आलेल्या जाईबाई ठसा बघून हसल्या. "ओल्या रंगाला हात लावायची खोडच आहे त्याला. तो ऐकायचा नाही."

"मीपण नाही," म्हणत मी तिसऱ्यांदा लिहिलं. ब्रश उचलताच अक्षर साफ नाहीसं झालं.

जाईबाई पाटी घेऊन बाहेर पडल्या आणि थबकल्या. "अण्णा, हे कधी लिहिलंत?"

मी बाहेर येऊन वर पाहिलं. दुकानाच्या पाटीवर होतं, 'कै. अण्णा पेंटर'.

अक्षर माझंच होतं. रंग ओला होता.