डावा गुडघा

ऑपरेशन बाबांच्या उजव्या गुडघ्याचं झालं होतं आणि हॉस्पिटलच्या बिलात कोड पडला होता डाव्याचा. विमा कंपनीनं सगळे कागद परत पाठवले. महिनाभर कुणाच्या खांद्याचा आधार घेतल्याशिवाय बाथरूमपर्यंतही न जाणारे बाबा हट्टानं मुलीबरोबर हॉस्पिटलात आले. बिलांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मुलगी त्यांना बाकावर बसवून मदतीला कुणी मिळतंय का ते बघायला गेली.

परतली तर बाक रिकामा. ती धावत वर पोहोचली, तेव्हा बाबा काउंटरवरच्या बाईंना ऐकवत होते, "अहो, चिरफाड कुठल्या गुडघ्याची झाली, ते मला ठाऊक की तुमच्या कॉम्प्युटरला?"

"चुकलंच आमचं, काका," म्हणत बाईंनी कोड बदलला आणि नव्या बिलावर शिक्का मारला. बाबांनी ते अक्षर न् अक्षर वाचलं, तेव्हा कुठे त्यांचा पारा उतरला.

"बाबा, तुम्ही वर आलात कसे?" मुलीनं धापा टाकत विचारलं.

बाबांनी वळून जिन्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळेच विस्फारले. "अरेच्चा! आता खाली कसा उतरू गं?"

बाई हसल्या. "उतरण्यापुरती अजून एक चूक करून देऊ का, काका?"