एकाहत्तर किलोंचा पूल

पूल मोडायचा होता, आणि सासरे त्यावर चढायला एका पायावर तयार होते.

पूल आइस्क्रीमच्या काड्यांचा, हातभर लांब. दोन विटांवर टेकवलेला, वर एक फळी. सून घरबसल्या ऑनलाइन इंजिनिअरिंग शिकत होती आणि हा तिचा शेवटचा प्रयोग होता. पूल किती वजनाला मोडेल ते आधी गणिताने काढायचं, कागदावर लिहायचं, मग मोबाइलमधून बघणाऱ्या सरांच्या डोळ्यांदेखत तो मोडून दाखवायचा. किलोभर इकडेतिकडे चालेल. त्याहून जास्त चुकलं तर नापास. पहिला पूल नवऱ्याच्या शिंकेने मोडला होता. दुसरा मोडलाच नाही. त्यावर आजही फ्रीज उभा आहे. हा तिसरा. हाही हुकला तर तीन वर्षांचा अभ्यास पाण्यात.

कागदावर आकडा होता एकाहत्तर.

कॉलेजने पाठवलेली वजनं कुरिअरवाल्याने भलत्याच गावी पोचवली होती. सर म्हणाले, घरातलं काहीही चालेल, फक्त त्याचं वजन नोंदलेलं हवं. पिठाची पिशवी होती, सात किलोची, छापील. बाकी घरात नोंदलेलं वजन एकच, सासऱ्यांचं. पासष्टच्या वर गेलात तर गोड बंद, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून सासूबाई दर रविवारी त्यांना काट्यावर उभं करत, आकडा वहीत लिहीत आणि खाली सही घेत. सासऱ्यांचे गुडघे दुखरे, म्हणून ते टेबलावर हात टेकून उभे राहत. दीड वर्ष आकडा चौसष्ट. भिंतीवरचं घड्याळ दोनदा बंद पडलं, पण चौसष्ट हलला नाही. सासूबाई ती वही पाहुण्यांना दाखवत. बिस्किटांचा डबा मात्र त्या कपाटात कुलपाआड ठेवत. सासऱ्यांनी उभा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात घालवला होता, ही गोष्ट डबा आत ठेवताना त्यांना कधी आठवली नाही.

"चौसष्ट बाबांचे," सुनेने सरांना हिशोब सांगितला, "आणि सात पिठाचे. बाबा वर चढतील, मग आई त्यांच्या हातात पिशवी देतील."

सासूबाईंनी पिशवी कडेवर घेतली. "अहो, जपून."

"कुणाला जपू? मला की पुलाला?"

"पुलाला. तुम्हाला दीड वर्ष मी जपतेच आहे."

सासरे टेबलाला धरून फळीवर चढले. पूल कुरकुरला, पण टिकला. नवऱ्याने एका हातात मोबाइल धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं नाक दाबून ठेवलं.

"आजोबा, आधार नको," सर म्हणाले. "दोन्ही हात वर."

सासऱ्यांनी दरोड्यात सापडल्यासारखे हात वर केले.

कडाड.

पिशवी अजून सासूबाईंच्या कडेवरच होती.

"चौसष्टला मोडला," सर लिहिता लिहिता म्हणाले. "तुम्ही म्हणालात एकाहत्तर. सात किलोंचा फरक आहे, ताई. मला पास करता येणार नाही."

सुनेने कागद उलटा केला, सुलटा केला. "तीनदा तपासलं होतं हो," ती हळूच म्हणाली. "कुठे चुकलं तेच कळत नाही. बाबांचं वजन तरी बरोबर होतं ना?"

तिने सहजच विचारलं. पण वहीकडे बोट दाखवलेलं सासूबाईंना खपणारं नव्हतं. त्यांनी पिशवी मुलाच्या पायावर ठेवली आणि पलंगाखालून काटा फराफरा ओढून आणला.

"चढा हो. सरांनाही दिसू दे."

सासरे चढले. सवयीने हात टेबलावर गेला. काटा चौसष्टावर येऊन शहाण्यासारखा थांबला.

"बघा," सासूबाई वहीवर हात ठेवून विजयाने म्हणाल्या. आणि मग, आपण काय सिद्ध केलं ते लक्षात येऊन, त्यांचा चेहरा पडला.

सून खाली बसून मोडक्या काड्या ओंजळीत गोळा करत होती. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग कुलूप लावलेल्या कपाटाकडे पाहिलं, परगावी निघालेल्या जिवलग मित्राकडे पाहावं तसं. एक सुस्कारा सोडला.

त्यांनी टेबलावरची करंगळी उचलली. काटा पासष्टावर गेला.

"ताई, थांबा," सर मोबाइलमधून म्हणाले. "काड्या राहू द्या. वर बघा."

अनामिका सुटली. सहासष्ट. मधलं बोट. अडुसष्ट. तर्जनी. एकोणसत्तर. सासूबाईंचा वहीवरचा हात हळूहळू कमरेवर गेला. उरला अंगठा. सासऱ्यांनी डोळे मिटले आणि तोही उचलला.

एकाहत्तर.

सून पास झाली. सासरे नापास.